गळक्या पिशवीला सैल करायचं औषध?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. यंदा वर्गात एक नवीन मुलगी आली आहे. जन्मली तेव्हा तिच्या पाठीवर गाठ होती आणि दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन करावं लागलं, असं तिची आई सांगते. पायात पट्ट्यांचे बूट घालून चालते, गणितात हुशार आहे. पण तिला लघवी लागलेली कळत नाही. आई मधल्या सुट्टीत येते, नळी घालून लघवी काढते आणि घरी जाते. शिवाय रोज गोळी चालू आहे. मी सहज विचारलं, गोळी कशाची? आई म्हणाली, 'डॉक्टर म्हणाले, लघवीची पिशवी सैल राहावी म्हणून.' शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, 'अगं बया, आधीच गळतीय, त्यात आणि सैल कशाला करायची? आवळायला नको का?' मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न मावशींचा, पण आता माझाही झाला आहे. दुसरं असं, की गोळी सुरू झाल्यापासून मुलीचं तोंड सारखं कोरडं पडतं, दुपारी गाल लाल होतात. लघवीच्या औषधाचा तोंडाशी काय संबंध? आणि तिसरं : वर्गातली मुलं विचारतात, ती मधेच कुठे जाते? त्यांना काय सांगू?

उत्तर : बाई, मावशींना आधी सांगा की त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त आपल्या सगळ्यांचं लक्ष जातं गळतीकडे, कारण ओले कपडे दिसतात, वास येतो, लाज वाटते. डॉक्टरांचं लक्ष असतं तिथून वीतभर वर, दोन्ही किडन्यांकडे. त्यांना काही झालं तर कित्येक वर्षं दिसत नाही, दुखतही नाही. ती गोळी मुख्यतः किडन्या वाचवण्यासाठी आहे. कपडे कोरडे राहिले तर तो वरचा फायदा.

आता हे कसं, ते पाहू. लघवीच्या पिशवीला कामं दोनच : साठवणं आणि सोडणं. पिशवीची भिंत म्हणजे एक स्नायू आहे आणि तिच्या तोंडाशी दुसऱ्या स्नायूचं कडं आहे. साठवताना भिंत सैल आणि कडं आवळलेलं. सोडताना नेमकं उलट : कडं सैल आणि भिंत आवळलेली. एकाच वेळी एकानं सोडायचं आणि दुसऱ्यानं धरायचं, ही जुगलबंदी जमवणारा हुकूम मेंदूतून निघतो, पाठीच्या कण्यातून खाली येतो आणि माकडहाडाच्या वरच्या भागातून निघणाऱ्या नसांवाटे पिशवीपर्यंत पोचतो.

तुमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हीच वाट बिघडली आहे. गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांतच बाळाच्या पाठीकडचा पन्हाळीसारखा भाग मिटून नळी तयार होते. पुढे तिचाच मेंदू आणि मज्जारज्जू होतो. ती खालच्या टोकाला मिटायची राहिली, की मणके उघडे राहतात आणि मज्जारज्जू पाठीवर गाठीसारखा बाहेर येतो. डॉक्टर याला स्पायना बायफिडा म्हणतात. ऑपरेशननं गाठ आत जाते, जखम भरते, पण ज्या नसा आधीच बिघडल्या त्या जुळत नाहीत. नसांमुळे पिशवी बिघडलेल्या मुलांत सर्वाधिक मुलं याच आजाराची असतात. काही मुलांत कारण वेगळं असतं : मणक्याला मार, मज्जारज्जूला आलेली सूज, माकडहाडाचा भाग जन्मतःच न बनणं, गुदद्वाराची जन्मजात विकृती.

हुकूम पोचला नाही, की पिशवीत दोन प्रकारे गोंधळ होतो. भिंत मधूनच, कुणी न सांगता, आवळते. आणि ती आवळत असताना तोंडाचं कडं सैल व्हायचं सोडून तेही आवळून बसतं. म्हणजे दार बंद आणि आतून धक्के.

तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या, तेव्हा धरण, सांडवा, विसर्ग, फुगवटा हे शब्द दर पावसाळ्यात तुमच्या कानावर पडत असणार. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून तुमच्याकडे किती वाद होतात, हे मी सांगायला नको. फुगवट्याची गंमत अशी, की धरण एकीकडे असतं आणि पाणी चढतं ते वरच्या अंगाच्या गावात. सांडवा बुटका असेल तर पाणी लवकर वाहून जातं. खालच्या अंगाला चिखल होतो, पण वरच्या गावाला धोका नसतो. सांडवा उंच असेल तर खाली सगळं कोरडं दिसतं आणि वर गावाच्या वेशीला पाणी लागलेलं असतं.

मुलीच्या पोटात वरचं गाव म्हणजे किडन्या. पिशवीत लघवी साठते, दाब वाढतो आणि एका दाबाला कडं हार मानतं आणि लघवी गळते. तो दाब म्हणजे सांडव्याची उंची. ज्या मुलाची लघवी थोड्याशा दाबालाच गळते, त्याच्या आईला दिवसभर लंगोट बदलावे लागतात, पण किडन्या सहसा सुखरूप राहतात. ज्याची उशिरा, जास्त दाबाला गळते, ते मूल बरंच कोरडं दिसतं आणि तिकडे फुगवटा मूत्रवाहिन्यांतून थेट किडनीत चढलेला असतो. कोरडं मूल बघून घरच्यांना बरं वाटतं आणि डॉक्टरांना काळजी.

हा दाब किती असला म्हणजे भीती? एडवर्ड मॅकग्वायर या अमेरिकी मूत्रशल्यतज्ज्ञानं १९८१ साली अशा ४२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची लघवी पाण्याच्या ४० सेंटीमीटर उंचीपेक्षा जास्त दाबाला गळत होती, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मूत्रवाहिन्या फुगलेल्या सापडल्या. ज्यांची त्याखाली गळत होती, त्यांच्यात असं क्वचितच दिसलं. ४० सेंटीमीटर म्हणजे तुमच्या टेबलावरच्या ३० सेंटीमीटरच्या पट्टीला तिचाच तिसरा हिस्सा जोडा. इतक्या उंचीच्या पाण्याचा दाब. तेव्हापासून ४० हा आकडा डॉक्टरांच्या डोक्यात धोक्याच्या पातळीसारखा बसला आहे. अर्थात ३९ ला सारं आलबेल आणि ४१ ला पूर, असं नसतं. दाब जितका कमी तितकं बरं.

आता मावशींच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप हाती येतं. धरणाची भिंत आकसत नाही, पिशवीची आकसते. दाब वाढतो तो बराचसा या आकसण्यामुळे. गोळी तोंडाच्या कड्याला हात लावत नाही. ती भिंतीचं अवेळी आवळणं थांबवते. त्यामुळे तेवढीच लघवी कमी दाबात मावते. सात वर्षांच्या मुलाच्या पिशवीत किती मावायला हवं, याचा एक सोपा हिशेब आहे : वयात एक मिळवा आणि ३० नं गुणा. सात अधिक एक आठ, आठ त्रिक चोवीस, म्हणजे २४० मिलिलिटर, पेलाभर. आवळून बसलेल्या पिशवीत यातलं निम्मंही मावत नाही. भिंत सैल झाली की हा पेला बिनबोभाट भरतो, आणि धक्के थांबल्यानं बाहेरची गळतीही कमी होते. म्हणजे आवळण्यानं गळत होतं, ते सैल करण्यानं थांबतं.

पण सैल झालेली पिशवी आपणहून रिकामी होणार नाही. म्हणून नळी. गोळी आणि नळी हे एकच औषध आहे, दोन भागांतलं. नुसती गोळी दिली तर लघवी तुंबून राहील आणि सडेल. नुसती नळी घातली तर दोन नळ्यांच्या मधल्या तीन-चार तासांत दाब चढेलच. तिची आई मधल्या सुट्टीत ऊन-पाऊस न बघता येते, ती या औषधाचा दुसरा भाग घेऊन येते.

या नळीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अशा मुलांच्या मूत्रवाहिन्या पूर्वी आतड्याच्या तुकड्याला जोडून पोटावर पिशवी लावून देत. रोज घरी नळी घालायची तर ती ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक हवी, अशी समजूत होती. ते घरात कुणाला जमणार? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये सांगितलं, की नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ असली म्हणजे पुरे. हात साबणानं धुवा, नळी धुवा आणि मुख्य म्हणजे वेळेवर घाला. चार जंतू आत गेले तर निरोगी पिशवी त्यांना पुरून उरते. पण पिशवी ताणून फुगली की तिच्या भिंतीतलं रक्त कमी होतं आणि तिची ताकद जाते. जंतूंपेक्षा तुंबणं वाईट, हा त्यांचा मुद्दा. आधी त्यांना वेड्यात काढणारे होते. आज जगभर लाखो घरांत प्लॅस्टिकच्या डब्यात ती साधी नळी ठेवलेली असते. तुमच्या विद्यार्थिनीच्या आईच्या पर्समध्येही एक डबा असेल, सोबत जेलीची ट्यूब आणि छोटा साबण.

आता तोंडाचा आणि गालांचा प्रश्न. त्यासाठी तुम्हाला दवाखान्यात नाही, महादेवाच्या देवळात नेतो. महाशिवरात्रीला आपण धोतऱ्याचं फूल वाहतो, काटेरी बोंडही वाहतो. ते बोंड लहान मुलानं तोंडात घातलं तर काय होतं, हे खेड्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं : तोंडाला कोरड पडते, चेहरा लालबुंद होतो, अंग तापतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, मूल बरळायला लागतं, आणि लघवी अडते. शेवटचं लक्षण नीट वाचा. लघवी अडते, कारण पिशवीची भिंत ढिली पडते.

धोतऱ्यात ॲट्रोपीन आणि हायोसीन ही द्रव्यं असतात. शरीरातल्या काही नसा आपला निरोप ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या थेंबानं पोचवतात. स्नायूवर त्या थेंबासाठी जणू कुलूप असतं. धोतऱ्यातलं द्रव्य त्या कुलपात जाऊन बसतं, पण कुलूप उघडत नाही. खरी किल्ली बाहेर ताटकळत राहते. तुमच्या विद्यार्थिनीची गोळी बहुधा ऑक्सिब्युटिनिन असेल. ती धोतऱ्यातून काढलेली नाही, कारखान्यात बनते, अमेरिकेत १९७५ पासून वापरात आहे. पण तिची चाल धोतऱ्याचीच. मोजून, मापून, डॉक्टरांच्या देखरेखीत. फरक मात्रेचा आणि हेतूचा.

आणि हीच तिची अडचण. कुलपं फक्त पिशवीवर नसतात. लाळेच्या ग्रंथींवर असतात, म्हणून तोंड कोरडं. घामाच्या ग्रंथींवर असतात, म्हणून घाम कमी येतो, अंग तापतं आणि गाल लाल होतात. आतड्यावर असतात, म्हणून बद्धकोष्ठ. डोळ्यांत असतात, म्हणून जवळचं धूसर. मेंदूतही असतात, म्हणून क्वचित एखादं मूल गुंगीत राहतं, चिडचिडं होतं किंवा रात्री भलतंच काही दिसल्याचं सांगतं. या गोळीची गंमत अशी, की पोटात गेल्यावर यकृतात तिचं जे रूपांतर होतं, तेच तोंड कोरडं करण्यात मूळ औषधापेक्षा पुढे असतं. हे पुढे एका पत्राच्या उत्तरात कामी येईल.

तुम्ही शिक्षिका आहात, दिवसाचे पाच-सहा तास मूल तुमच्यासमोर असतं, म्हणून तुम्हाला काही गोष्टी सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये तिला उन्हातल्या कवायतीला उभं करू नका. तिला घाम कमी येतो म्हणजे तिच्या अंगातलं ऊन नीट बाहेर पडत नाही. गाल लाल झाले तर सावलीत बसवा, तोंडावर-मानेवर ओला रुमाल फिरवा. पाणी पिऊ द्या. 'जास्त प्यायलीस तर गळेल' असं म्हणून तिचं पाणी तोडू नका. अचानक गप्प झाली, वर्गात पेंगायला लागली, तर आईला सांगा. हे सगळ्यात आधी तुम्हालाच दिसेल. कोरड्या तोंडात दात लवकर किडतात, म्हणून गोळ्या-चॉकलेट बेतानं. आणि शी नीट होत नसेल तर तेही औषधाचंच प्रकरण समजा. भरलेलं आतडं पिशवीला दाबतं आणि गोळीवर पाणी फिरवतं. म्हणून डॉक्टर पिशवीच्या गोळीबरोबर पोट साफ राहायचं औषधही देतात.

एक गोष्ट मुद्दाम ठेवून दिली होती. पिशवी समजावताना एरवी फुगा घेतात. पाणी भरलेला फुगा, तोंड चिमटीत धरलेलं. मी तुम्हाला धरण सांगितलं, फुगा नाही. कारण पाठीच्या अशा गाठीची ऑपरेशनं झालेल्या पुष्कळ मुलांना रबराच्या फुग्याची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी असते. लहानपणापासून पुन्हापुन्हा रबरी हातमोज्यांशी संबंध आल्यानं ती जडते. अंगावर पित्त उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. वाढदिवसाला वर्गात फुगे लावायची पद्धत असेल तर यंदा कागदाच्या पताका लावा. कुणाला कारण सांगायचीही गरज नाही.

तुमचा तिसरा प्रश्न शेवटी घेतो. त्याआधी याच विषयावरची आणखी तीन पत्रं.

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. ऑक्सिब्युटिनिननं पिशवीचा दाब कमी झाला, पण तोंड इतकं कोरडं पडतं की जेवायला मागत नाही. दुसरं काहीच नाही का? टीव्हीवर दिसणारं सुरकुत्यांचं बोटॉक्स पिशवीत देतात, हे खरं का?

उत्तर : दुसरं बरंच काही आहे. आणि तुमचा मुलगा जेवत नाही, ही तक्रार डॉक्टरांना सांगण्याइतकी मोठी आहे. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, तक्रार मात्र संकोच न करता करा.

पहिला उपाय औषध तेच ठेवून वाट बदलण्याचा. तुम्ही मुलाला नळी घालताच. त्याच नळीतून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे विरघळवलेलं ऑक्सिब्युटिनिन थेट पिशवीत सोडता येतं. वर सांगितलं, की तोंड कोरडं करण्यात यकृतातलं रूपांतर पुढे असतं. पिशवीतून शोषलेलं औषध पहिल्या फेरीत यकृताला चुकवतं, म्हणून त्रास कमी होतो. हे कसं, किती आणि किती वेळ आत ठेवायचं, ते मात्र दवाखान्यात समोर बसून शिकून घ्यावं.

दुसरा उपाय त्याच कुळातलं पण पिशवीकडे जास्त लक्ष देणारं औषध. सोलिफेनासिनचं द्रव रूप दोन वर्षांपुढच्या अशा मुलांसाठी अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं. टॉल्टेरोडीनही पुष्कळ डॉक्टर देतात. कुणाला कोणतं मानवतं, ते देऊन बघूनच कळतं.

तिसरा उपाय वेगळ्याच दरवाजाचा. पिशवीला आवळायचा निरोप देणाऱ्या नसा असतात, तशा सैल सोडायचा निरोप देणाऱ्याही असतात. मिराबेग्रॉन नावाचं औषध या दुसऱ्या नसांचा निरोप बळकट करतं. आवळणारं कुलूप बंद करण्याऐवजी सैल करणारं दार उघडतं. त्यामुळे तोंड सहसा कोरडं पडत नाही. तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी ते अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. लक्ष ठेवायचं ते रक्तदाबावर. काही वेळा दोन्ही कुळांची औषधं एकत्र देतात.

बोटॉक्सचं खरं आहे. बोट्युलिनम हे एका जंतूचं विष. ते नसेच्या टोकाशी जाऊन ॲसिटिलकोलीनचा थेंब बाहेर पडूच देत नाही. गोळी कुलपात किल्ली जाऊ देत नाही, बोटॉक्स किल्ली घराबाहेरच पडू देत नाही. मुलाला भूल देऊन, लघवीच्या मार्गानं दुर्बीण आत नेऊन, पिशवीच्या भिंतीत वीसएक ठिकाणी थोडं थोडं टोचतात. अमेरिकेत फेब्रुवारी २०२१ मध्ये पाच वर्षांपुढच्या ज्या मुलांना गोळ्या लागू पडत नाहीत किंवा सोसत नाहीत, त्यांच्यासाठी याला मान्यता मिळाली. परिणाम साधारण सहा ते नऊ महिने टिकतो, मग पुन्हा टोचावं लागतं. खर्च आहे, भूल आहे, आणि नळी मात्र सुटत नाही. उलट पिशवी आणखी ढिली पडल्यामुळे नळी चुकवून चालतच नाही.

आणि एक नको ते औषधही सांगतो. वयस्कर पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात ती टॅम्सुलोसिनची गोळी कड्याला सैल करते, म्हणून मुलांत करून पाहिली गेली. फायदा सिद्ध झाला नाही. आजोबांची गोळी नातवाला देऊन बघू नका.

हे सगळं कोणत्या मुलाला लागू, ते पिशवीची दाब-तपासणी ठरवते. युरोडायनॅमिक्स म्हणतात तिला. बारीक नळीनं पिशवी हळूहळू पाण्यानं भरतात आणि दाबाचा आलेख काढतात. तासाभराचं काम असतं. काही मुलांची भिंत मुळातच ढिली असते आणि कडंही ढिलं. त्यांना ही सैल करणारी औषधं द्यायचं कारणच नसतं. म्हणून शेजारच्या मुलाची चिठ्ठी बघून आपल्या मुलाचं औषध मागू नये.

प्रश्न : माझ्या मुलीच्या लघवीच्या तपासणीत दर वेळी जंतू निघतात आणि दर वेळी आम्ही अँटिबायोटिकचा कोर्स करतो. हे संपणार कधी? माझ्या आईचं म्हणणं, की तीळ, ओवा, गूळ घातलेला लाडू दे, लघवी थांबेल.

उत्तर : आधी आईचं. तीळ-ओव्याचा लाडू आपल्याकडे झोपेत अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. त्या मुलांच्या नसा शाबूत असतात आणि बहुतेक जण वाढत्या वयात आपोआप सुधारतात, म्हणून लाडवाला श्रेय मिळतं. तुमच्या मुलीच्या नसाच निरोप पोचवत नाहीत, तिथे लाडू पोचणार नाही. गोड आवडत असेल तर खाऊ द्या, पण गोळीऐवजी नको. आणि 'किडनी साफ करणारे' काढे तर मुळीच नकोत. ज्या किडन्या जपायच्या, त्यांच्यावर काय चाललंय ते कळेनासं होतं.

आता जंतूंचं. रोज चार-सहा वेळा नळी घालणाऱ्या मुलाच्या लघवीत जंतू नसले तर नवल. ते तिथे राहतात, काही करत नाहीत, आणि नुसत्या रिपोर्टसाठी औषध दिलं की मेलेल्या साध्या जंतूंच्या जागी औषधाला न जुमानणारे येऊन बसतात. औषध द्यायचं ते मूल आजारी असेल तेव्हा : थंडी वाजून ताप, कंबरेत दुखणं, उलट्या, एरवीपेक्षा एकदम जास्त गळती, लघवी गढूळ आणि सोबत मूल मलूल. नुसता वास आला म्हणून नाही. ज्यांची लघवी पिशवीतून किडनीकडे उलटी चढते, त्यांना रोजचं लहान डोसचं औषध देण्याचा निर्णय डॉक्टर वेगळा घेतात. वारंवार खरंच ताप येत असेल तर अँटिबायोटिक बदलण्याआधी दोन गोष्टी तपासा : नळीची वेळ चुकते का, आणि नळी काढण्याआधी पिशवी पूर्ण रिकामी होते का. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

प्रश्न : हे औषध किती वर्षं? मूल मोठं झालं की सुटेल का? पुढच्या बाळाला हे होऊ नये म्हणून काही करता येतं का?

उत्तर : नसा परत जुळत नाहीत, म्हणून औषध आणि नळी सहसा कायमची. औषध बदलतं, मात्रा वजनाबरोबर बदलते, पण 'झालं, आता सोडा' असं क्वचित होतं. वर्षातून ठरल्याप्रमाणे सोनोग्राफी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि सांगितली तेव्हा दाब-तपासणी, हे चुकवू नका. मूल उंच होतं तसा मज्जारज्जूचा खालचा भाग ताणला जाऊन चांगली चाललेली पिशवी पुन्हा बिघडू शकते. चालण्यात किंवा गळतीत अचानक बदल झाला तर लगेच दाखवा. ज्यांच्यात एवढं करूनही दाब उतरत नाही, त्यांच्यासाठी आतड्याचा तुकडा जोडून पिशवी मोठी करण्याचं ऑपरेशन आहे. नळी घालण्यासाठी अपेंडिक्सची वाट करून तिचं तोंड पोटावर आणण्याची युक्ती फ्रान्सच्या पॉल मित्रोफानॉफ यांनी १९८० मध्ये मांडली. चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला कपडे न उतरवता पोटावरच्या या वाटेतून नळी घालता येते, हे केवढं सोयीचं, ते मुलीच जाणतात.

पुढच्या बाळासाठी : फॉलिक ॲसिड. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात, आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांनी रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतलं तेव्हा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. पण ते दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यावं लागतं, कारण नळी मिटायची ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते आणि तोपर्यंत पुष्कळ जणींना दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. तुमच्यासाठी मात्रा नेहमीच्या गोळीपेक्षा मोठी आहे, ती डॉक्टरांकडूनच घ्या. आणि आर्थिक अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे जा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांचा समावेश आहे. शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक याच योजनेचं. मुलाला जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचा कागद तेच करून देतं.

आता, बाई, तुमचा राहिलेला प्रश्न. ती मधेच कुठे जाते, असं मुलं विचारतात.

मुलांना खोटं सांगू नका आणि सगळंही सांगू नका. सात वर्षांच्या मुलांना पुरेल एवढं सांगा. कुणाला फळ्यावरचं दिसत नाही, तो चष्मा लावतो. हिला शू लागलेली कळत नाही, म्हणून ही घड्याळ बघते. एवढंच. मुलं मान डोलावतील आणि दुसऱ्या मिनिटाला पकडापकडी खेळायला पळतील.

तिच्यासाठी मात्र दोन गोष्टी करा. शाळेच्या स्वच्छतागृहाला आतून कडी लागते का, पाणी येतं का, हे एकदा स्वतः पाहा. आणि गणितात हुशार आहे म्हणालात, तर तिला घड्याळ लवकर शिकवा. सहा ते आठ या वयात पुष्कळ मुली स्वतः नळी घालायला शिकतात. आज आई मधल्या सुट्टीला येते. उद्या तीच मुलगी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपणहून हात वर करील. तेव्हा गणिताचा तास मधे सोडून तिला लगेच जाऊ द्या.